अमेरिकेत एकत्र कुटुंब का नसतं? तिथल्या लोकांना आई-वडिलांची माया नसते का, आणि आपली मुलंही तिथे जाऊन तशीच का होतात?

माया असते. कमी असतात त्या तीन गोष्टी: घरात जागा, त्या जागेत राहायची परवानगी आणि म्हातारपणीच्या दवाखान्याचे पैसे. या तिन्हींमागे कायदे आहेत आणि त्या कायद्यांना तारखा आहेत. ‘त्यांच्यात संस्कारच नाहीत’ हे वाक्य मला सहन होत नाही, कारण ज्या देशात एका आजीला नातू घरात ठेवला म्हणून तुरुंगवासाची शिक्षा झाली, त्या देशाबद्दल ते बोललं जातं.

त्या आजीचं नाव आयनेझ मूर. ओहायो राज्यात क्लीव्हलँडला लागून ईस्ट क्लीव्हलँड नावाचं छोटं शहर आहे. तिथे त्यांचं स्वतःचं घर होतं. घरात त्या, त्यांचा एक मुलगा, त्या मुलाचा मुलगा आणि दुसऱ्या मुलाचा मुलगा असे चौघं राहत. दुसऱ्या नातवाची आई वारली होती, म्हणून तो आजीकडे आला होता. आपल्याकडे याला कुणी बातमी म्हणणार नाही. पण ईस्ट क्लीव्हलँडच्या नियमात एका घरात एकच ‘कुटुंब’ राहू शकत होतं आणि कुटुंबात कोण मोजायचं याची यादी नगरपालिकेने लिहून ठेवली होती. घरमालक, नवरा किंवा बायको, अविवाहित मुलं, मालकाचे आई-वडील, आणि मुलाबाळांसह राहणारं एकच अपत्य. म्हणजे एक मुलगा आणि त्याची मुलं चालतील, दोन वेगवेगळ्या मुलांची मुलं चालणार नाहीत. सख्खी चुलत भावंडं एका छपराखाली आली की नियम मोडला.

1973 च्या सुरुवातीला त्यांना नोटीस आली की तो आईविना नातू घरात ‘बेकायदा’ राहतो आहे, त्याला बाहेर काढा. त्यांनी काढलं नाही. शहराने फौजदारी खटला भरला. शिक्षा झाली पाच दिवस कैद आणि 25 डॉलर दंड. ओहायोच्या अपील कोर्टाने ती कायम केली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. 1977 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, तीही पाच विरुद्ध चार मतांनी. त्या पाचांतही एकमत नव्हतं. न्यायमूर्ती पॉवेल आणि त्यांच्या बाजूचे तिघं म्हणाले की आजी, काका, आत्या, चुलत भावंडं मिळून राहण्याची परंपरा आईबाप-मुलांच्या कुटुंबाइतकीच मानाची आहे, सरकारने त्यात शिरू नये. पाचवे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी मात्र मालमत्तेच्या हक्काच्या वाटेने तोच निकाल दिला. विरोधातल्या मुख्य न्यायमूर्तींचं म्हणणं होतं की बाईंनी आधी शहराकडे सवलतीचा अर्ज करायला हवा होता.

शहराची कारणं तीन होती: गर्दी होऊ नये, रहदारी आणि पार्किंग वाढू नये, शाळांवर भार पडू नये. पॉवेल यांनी यातली विसंगती नेमकी दाखवली. त्या एका मुलाला डझनभर मुलं असती तरी ती सगळी घरात चालली असती, पण काका आणि चुलत भाऊ घरात आहेत म्हणून हा एक पोरका मुलगा चालत नव्हता. प्रौढ भाऊ-बहीण दोघंही बसने फिरत असली तरी एकत्र राहू शकत नव्हती, आणि दुसरीकडे सहा गाड्या चालवणारं ‘कुटुंब’ नियमात बसत होतं. पॉवेल यांच्या बाजूच्या तिघांपैकी न्यायमूर्ती ब्रेनन यांनी वेगळ्या मतात लिहिलं की हा नियम सगळ्यांना सारखा दिसला तरी भार काळ्या कुटुंबांवर जास्त पडतो, कारण तीन पिढ्यांनी एकत्र राहणं हा त्यांचा गरिबीशी झुंजण्याचा मार्ग आहे. ईस्ट क्लीव्हलँडचा कारभार तेव्हा काळ्या लोकांच्याच हाती होता हेही सांगायला हवं. उपनगरात पोचलेला मध्यमवर्ग, रंग कुठलाही असो, गर्दीला घाबरत होता.

असे नियम करायचा अधिकार शहरांना मिळाला तोही याच परिसरातून. युक्लिड हे क्लीव्हलँडच्या पूर्वेचंच दुसरं उपनगर. 1926 साली सर्वोच्च न्यायालयाने युक्लिडच्या खटल्यात झोनिंग घटनेला धरून आहे असं ठरवलं, म्हणजे गावाचे पट्टे पाडून ‘इथे फक्त एका कुटुंबाची स्वतंत्र घरं’ असं म्हणायची मुभा दिली. त्या निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं आहे की अशा वस्तीतली अपार्टमेंटची इमारत बऱ्याचदा परोपजीवी असते, ती स्वतंत्र घरांनी जपलेल्या मोकळ्या जागेवर जगते. आपल्या लोकांनी हे नाव लक्षात ठेवावं. तीन वर्षं आधी, 1923 मध्ये, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंड यांना ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारणारा निकाल याच सदरलँड यांनी लिहिला होता. भारतीयांना नागरिकत्वाचा दरवाजा पुन्हा उघडला 1946 मध्ये. आणि नागरिक झालेल्या मुलाला आई-वडिलांना वार्षिक कोट्याबाहेर आणता येईल ही तरतूद 1965 च्या कायद्याने आली. आज आपण जिला गृहीत धरतो ती सोय तिथल्या नागरी हक्कांच्या चळवळीने बदललेल्या हवेत मिळालेली आहे.

मग घरं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परत आले, 1944 च्या जीआय कायद्याने, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने, त्यांना सुरुवातीची रोख रक्कम न भरता घरासाठी कर्ज मिळायची सोय झाली आणि सरकारी हमीच्या कर्जांवर उपनगरं उठली. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमधलं 1947 चं घर 750 चौरस फुटांचं होतं, दोन झोपायच्या खोल्या, एक न्हाणीघर, वर अर्धवट सोडलेला माळा. सतरा हजारांवर घरं बांधली गेली. एक खोली नवरा-बायकोची, दुसरी मुलांची. आजी कुठे झोपणार? करारात तर सुरुवातीला काळ्या लोकांना मनाईच होती. देशाच्या एका पिढीने ‘घर’ म्हणून जे पाहिलं ते हे.

पण फक्त घरांना दोष देऊन भागत नाही, कारण वेगळं राहायची इच्छा म्हाताऱ्यांचीही होती. स्टीव्हन रगल्स या इतिहासकाराने जनगणनेच्या नोंदी तपासून दाखवलं की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला 65 च्या पुढचे सुमारे 70 टक्के लोक प्रौढ मुलांसोबत राहत होते, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीला 15 टक्क्यांहूनही कमी. का, यावर खरा वाद आहे. रगल्स म्हणतात, शेती गेली, वारशाची जमीन गेली, मुलांना शहरात पगार मिळू लागला, म्हणून बापाच्या हातातला दोर सुटला. अर्थतज्ज्ञ डोरा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या सैनिकांच्या पेन्शनचा अभ्यास केला आणि दाखवलं की हातात पैसा आला की म्हातारे स्वतःचं बिऱ्हाड ठेवणं पसंत करतात. ही पेन्शन किरकोळ नव्हती. 1890 च्या दशकात केंद्र सरकारच्या खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग तिच्यावर जात होता, आणि एका सैनिकाच्या मुलीला ती 2020 पर्यंत महिना 73.13 डॉलर अशी मिळत होती. माझं मत कोस्टांकडे झुकतं.

ज्यांना पेन्शन नव्हती त्यांना मुलं किंवा काउंटीचं गरीबगृह. 1935 च्या 14 ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे पगारातून कापलेल्या करावर चालणाऱ्या सरकारी पेन्शनच्या कायद्यावर, सही केली ती या भीतीवर उपाय म्हणून. पहिला मासिक चेक व्हरमाँटमधल्या आयडा मे फुलर यांना 31 जानेवारी 1940 ला मिळाला, 22.54 डॉलरचा. त्यांनी कर भरला होता एकूण 24.75 डॉलर, आणि शंभर वर्षं जगून घेतले 22 हजारांवर डॉलर. शेतमजूर आणि घरकाम करणारे सुरुवातीला वगळलेले होते, म्हणजे दक्षिणेतले बहुतेक काळे लोक. ते 1950 आणि 1954 च्या दुरुस्त्यांनी आत आले. 1965 मध्ये मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, आलं. 1959 मध्ये 65 च्या पुढचे 35 टक्के लोक गरिबीत होते, आता सुमारे 10 टक्के. म्हणजे अमेरिकन माणूस आई-वडिलांना पोसत नाही असं नाही. तो आणि त्याची कंपनी मिळून पगाराच्या 12.4 टक्के दर महिन्याला सगळ्यांच्या आई-वडिलांसाठी भरतात, फक्त तो पैसा वॉशिंग्टनमार्गे जातो. आपल्याकडचे जे लोक याला ‘टाकून देणं’ म्हणतात त्यांना मी विचारते, आपल्या गावातल्या विधवा काकूंच्या हातात स्वतःच्या नावाचा असा किती पैसा दरमहा येतो? मुलाच्या तोंडाकडे न बघता जगता येणं ही म्हातारपणीची मोठी प्रतिष्ठा आहे, आणि ती त्यांनी कायद्याने मिळवली.

शिवाय वारं उलटं फिरलं आहे. प्यू या संशोधन संस्थेच्या मोजणीत 1971 मध्ये 7 टक्के अमेरिकन बहुपिढी घरांत राहत होते, 2021 मध्ये 18 टक्के. घरांच्या किमती, पाळणाघरांचे दर आणि स्थलांतरित कुटुंबं ही त्यामागची कारणं.

आता आपल्या मुलांचं. तुमचा मुलगा तुम्हाला कायमचं ठेवत नाही यामागे बहुतेक वेळा सुनेचा स्वभाव नसतो, विम्याचा हिशेब असतो. नागरिक झालेला, 21 वर्षांवरचा मुलगा आई-वडिलांचं ग्रीन कार्ड करू शकतो आणि तिथे रांग नाही. सोबत आय-864 हा सांभाळायची हमी देणारा अर्ज भरावा लागतो, त्यात सगळ्यांना मिळून गरिबी रेषेच्या 125 टक्के उत्पन्न दाखवायचं असतं. नोकरदार मुलाला हे जड नाही. जड असतं ते पुढचं. मेडिकेअर फुकट मिळतं ते स्वतःची किंवा जोडीदाराची 40 क्रेडिटं, म्हणजे कर भरून केलेल्या कामाचे गुण, असतील तर. 2025 मध्ये एका क्रेडिटला 1,810 डॉलर कमाई लागत होती, आणि वर्षाला चारच मिळतात, म्हणजे दहा वर्षं काम. निवृत्त होऊन आलेल्यांना ते जमत नाही. त्यांनी ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावर ते विकत घ्यायचं. 2025 मध्ये दर होता भाग एसाठी (रुग्णालयाचा खर्च) महिना 518 डॉलर, भाग बीसाठी (डॉक्टरांचा खर्च) 185. दोघांचे मिळून 1,406, शिवाय औषधांचा भाग डी वेगळा. पाच वर्षं भरतात त्या महिन्याच्या तीन महिने आधीपासून सात महिन्यांची मुदत असते. ती चुकली तर भाग बीला दर बारा महिन्यांमागे 10 टक्के दंड लागतो आणि तो कायमचा.

आधीच्या पाच वर्षांसाठी मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारने चालवलेल्या विमा-बाजारातला, विमा घेता येतो, पण उतरल्यापासून 60 दिवसांत, नाहीतर नोव्हेंबरची वाट बघायची. कंपनीच्या विम्यात आई-वडील सहसा बसत नाहीत, बायको-मुलं बसतात. पर्यटक म्हणून आलात तर जो व्हिजिटर विमा मिळतो त्यात जुन्या आजाराचा ‘अचानक उद्रेक’ तेवढा धरतात. मधुमेहाची नेहमीची तपासणी, रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचं दुखणं काही नाही. पॉलिसीत जुन्या आजाराची वेगळी, कमी मर्यादा आणि वयाची अट कुठे लिहिली आहे ते पान आधी वाचा. 70 किंवा 80 पूर्ण झाल्यावर ती मर्यादा एकदम खाली येते, आणि घोळ तिथेच होतो.

म्हणून स्पष्ट सांगते: जे आई-वडील वर्षातले सहा-सात महिने पुण्या-नाशकातच राहणार आहेत त्यांनी ग्रीन कार्ड करू नये. सहा महिन्यांवर बाहेर राहिलात की विमानतळावर प्रश्न, वर्षावर गेलात आणि आधी री-एंट्री परमिट काढलेलं नसलं तर कार्ड जाण्याची वेळ, आणि मेडिकेअरची सलग पाच वर्षंही तुटतात. त्यापेक्षा व्हिजिटर व्हिसावर या, सहा महिने राहा, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवा आणि परत जा. हे ऐकून ज्यांना ‘मुलाने आम्हाला पाहुणा केलं’ असं वाटतं त्यांचं दुःख मला समजतं, पण राग मुलावर काढू नका.

ज्यांना खरंच कायम एकत्र राहायचं आहे त्यांनी घर घेतानाच बघावं. खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि शॉवरसकट पूर्ण न्हाणीघर हवं. बरीच घरं खाली फक्त कमोड आणि बेसिन देतात, मग गुडघे गेले की रोजची आंघोळ जिना चढून. दाराची मोकळी रुंदी 32 इंच, शॉवरला उंबरठा नको, आणि भिंती उघड्या असतानाच ग्रॅब बारसाठी, म्हणजे धरायच्या दांड्यांसाठी, आत आडव्या लाकडी पट्ट्या मारून घ्या, नंतर जिप्समच्या बोर्डात स्क्रू धरत नाही. आई-वडिलांना बेसमेंटमध्ये झोपवणार असाल तर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते: साधारणपणे 5.7 चौरस फूट मोकळी जागा, किमान 24 इंच उंच, 20 इंच रुंद, खालची कड खोलीच्या फरशीपासून 44 इंचांच्या आत. नसेल तर ती खोली कागदावर झोपायची खोली धरली जात नाही, आणि आगीच्या वेळी तो सापळा होतो.

खरी अडचण दुसऱ्या स्वयंपाकघराची. सासू-सुनेचं जमावं यासाठी दोन ओटे हवेत हे कुणी सांगायला नको, पण अनेक शहरांत कायमची शेगडी, म्हणजे 240 व्होल्टचं सॉकेट किंवा गॅसची जोडणी, आली की ती जागा ‘दुसरं घर’ ठरते आणि एका कुटुंबाच्या पट्ट्यात दुसरं घर चालत नाही. सिंक, छोटा फ्रीज आणि मायक्रोवेव्ह बहुधा चालतात. साध्या सॉकेटवर चालणारी 1,800 वॉटची इंडक्शन शेगडी चालते का ते कंत्राटदाराला विचारू नका. शहराच्या प्लॅनिंग खात्याकडून लेखी घ्या, आणि एचओए, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर त्यांची नियमावली वेगळी वाचा, कारण शहराने हो म्हटलं तरी ते नाही म्हणू शकतात. फोडणीसाठी हवा बाहेर फेकणारा हूड बसवा. तो मिनिटाला 400 घनफुटांहून मोठा असला तर बाहेरची हवा आत घ्यायची सोयही बहुतेक ठिकाणी सक्तीची आहे.

कॅलिफोर्नियात हे बरंच सुटलं आहे. 2017 पासूनच्या कायद्यांमुळे आवारात स्वतंत्र छोटं घर बांधायला शहर सहजी नाही म्हणू शकत नाही. 800 चौरस फुटांपर्यंत, बाजूला आणि मागे चार फूट सोडून, 60 दिवसांत मंजुरी, आणि 750 च्या आत असेल तर विकास शुल्क माफ. घराच्या आतच 500 चौरस फुटांची ‘ज्युनिअर’ जागा काढता येते, छोट्या स्वयंपाकघरासह. ओरेगॉनने 2019 मध्ये मोठ्या शहरांतली फक्त-एका-कुटुंबाची झोनिंग मोडली. इतर राज्यांत शहर बदललं की नियम बदलतो. हे बदल गृहटंचाईमुळे झाले, कुटुंबप्रेमामुळे नाही, तरी फायदा आजी-आजोबांचा झाला.

काही गोष्टी राहिल्या. मूर खटल्याने रक्ताच्या नात्यांना संरक्षण मिळालं, नात्याबाहेरच्यांना नाही. ईस्ट क्लीव्हलँडच्या नियमातही मालकाचे स्वतःचे आई-वडील आधीपासून चालत होते, तेव्हा तुमच्या आई-वडिलांना कुणी घराबाहेर काढेल अशी भीती नको. आणि खरोखर आई-वडिलांकडे पाठ फिरवणारी मुलं तिथेही आहेत, इथेही आहेत. काही राज्यांत तर मुलांवर जबाबदारी टाकणारे जुने कायदे जिवंत आहेत: पेनसिल्वेनियात 2012 मध्ये एका मुलाला आईच्या नर्सिंग होमचं सुमारे 93 हजार डॉलरचं बिल भरायला कोर्टाने लावलं.

नर्सिंग होमचा दीर्घ मुक्काम मेडिकेअर देत नाही. तीन दिवस रुग्णालयात दाखल राहिल्यावर जास्तीत जास्त 100 दिवस, त्यातले 20 पूर्ण. पुढे मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आणि त्यासाठी बहुतेक राज्यांत माणसाकडे 2,000 डॉलरच उरले पाहिजेत, मागच्या पाच वर्षांत दिलेल्या भेटीही तपासतात. पण ज्या मुलाने आई-बापाच्या घरात दोन वर्षं राहून त्यांची सेवा केली आणि त्यामुळे त्यांचं नर्सिंग होम लांबलं, त्याच्या नावावर ते घर दंडाशिवाय करता येतं. डॉक्टरचं पत्र आणि त्या पत्त्यावरची बिलं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

नोकरी करणाऱ्या सुनांसाठी एक: 1993 च्या रजेच्या केंद्रीय कायद्याने आजारी आई-वडिलांसाठी 12 आठवडे बिनपगारी रजा मिळते, कंपनीत 50 माणसं आणि तुमची वर्षभराची नोकरी असेल तर. त्यात सासू-सासरे येत नाहीत. सासूबाईंच्या ऑपरेशनला रजेचा अर्ज नवऱ्याने करायचा, तुम्ही नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांच्या कायद्यात सासू-सासरे आहेत, तेव्हा एचआरला विचारताना केंद्राचा आणि राज्याचा, दोन्ही कायदे विचारा.